व्यवस्थापकाची कामे आणि कौशल्ये : नव्याने जबाबदारी स्वीकारणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील औद्योगिक वसाहतींत, तसेच शिवाजी उद्यमनगरातील लहान कारखान्यांत एखादा चांगला कारागीर एके दिवशी सुपरवायझर होतो, काही वर्षांनी त्याच्याकडे अख्खा विभाग येतो, आणि या सगळ्या प्रवासात व्यवस्थापन म्हणजे काय हे त्याला शेजारी बसवून कोणीही सांगत नाही. मी २८ वर्षे फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, काम केले आणि आता नव्या सुपरवायझरांसाठी लहान वर्ग घेतो. तेथे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे बहुतेक फाउंड्रीची आहेत, कारण मला तेच काम जवळून माहीत आहे. मात्र दूध संस्था, यंत्रमाग, दुकान किंवा रुग्णालय चालवणाऱ्यालाही ती लागू करता येतील.

व्यवस्थापक म्हणजे नेमके कोण? सुपरवायझरला व्यवस्थापक म्हणता येईल का?

ज्याचे काम दुसऱ्यांच्या हातून पार पडते, पण त्या कामाचा जाब ज्याला द्यावा लागतो, तो व्यवस्थापक. पदाचे नाव फोरमन असो, सुपरवायझर असो, शिफ्ट इन्चार्ज असो की प्लांट मॅनेजर, ही व्याख्या सर्वांना लागू पडते; फरक पडतो तो जबाबदारीच्या आवाक्यात. सुपरवायझरची नजर आजच्या शिफ्टवर असते, विभागप्रमुखाला महिन्याचा विचार करावा लागतो आणि कारखान्याच्या प्रमुखाला पुढच्या दोन-तीन वर्षांचा.

कारखान्याबाहेरचे एक उदाहरण घ्यावे. आपल्या जिल्ह्यातील गावागावांत प्राथमिक दूध संस्था आहेत. संस्थेचा सचिव सकाळ-संध्याकाळ संकलन वेळेत सुरू करतो, फॅट आणि एसएनएफची (दुधातील स्निग्धांशाव्यतिरिक्तच्या घन घटकांची) तपासणी नीट होते की नाही ते पाहतो, दहा दिवसांची बिले तयार करवून घेतो, मापात फरक आला म्हणून तक्रार घेऊन आलेल्या सभासदाला शांत करतो आणि दूध नेणारी गाडी येण्याआधी कॅन तयार ठेवतो. त्याला कोणी मॅनेजर म्हणत नाही, पण तो दिवसातून दोन वेळा संपूर्ण व्यवस्थापन करत असतो.

व्यवस्थापनाची मूलभूत कार्ये कोणती?

या प्रश्नाचे पहिले व्यवस्थित उत्तर आंरी फेयॉल (१८४१–१९२५) या फ्रेंच खाण अभियंत्याने दिले. १८८८ मध्ये त्याच्याकडे एका अडचणीत सापडलेल्या खाण व पोलाद कंपनीची सूत्रे आली, ती त्याने सावरली आणि त्या अनुभवावर १९१६ मध्ये लिहिताना व्यवस्थापनाची पाच कार्ये सांगितली: नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण. पुढे १९३७ मध्ये ल्यूथर गुलिक यांनी या यादीत कर्मचारी व्यवस्थापन, अहवाल आणि अंदाजपत्रक यांची भर घातली. आपल्या वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत नियोजन, संघटन, कर्मचारी व्यवस्थापन, निर्देशन, समन्वय आणि नियंत्रण अशी जी नावे वाचायला मिळतात, त्यांचे मूळ या दोघांच्या मांडणीत आहे.

नावे पाठ करून हाती काही लागत नाही, म्हणून एक ऑर्डर डोळ्यांसमोर आणावी. पंपाच्या बॉडीचे ६०० नग १५ दिवसांत पाठवायचे आहेत. गाडी निघण्याच्या दिवसापासून उलटे मोजत यायचे: मशिनिंगला (नग यंत्रावर मापात आणायला) किती दिवस, फेटलिंगला (ओतलेला नग साफ करायला) किती, ओतकाम कधी संपले पाहिजे, म्हणजे मोल्डिंग (वाळूचे साचे भरणे) कधी सुरू झाले पाहिजे आणि त्याआधी कोअर (नगात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचे वाळूचे भाग) किती तयार असल्या पाहिजेत. रिजेक्शन, म्हणजे नाकारले जाणारे नग, ५ टक्के धरले तर ६०० नव्हे, किमान ६३२ नग ओतावे लागतील. हे झाले नियोजन. कोणत्या लाइनवर कोण, पॅटर्नची (साचा ज्यावरून भरतात त्या नमुन्याची) दुरुस्ती कोणाकडे, तपासणी कोणाची, हे ठरवणे म्हणजे संघटन. त्या जागी योग्य माणूस आहे का, नसेल तर त्याला शिकवायचे की दुसरीकडून आणायचे, हे कर्मचारी व्यवस्थापन. सकाळी उभे राहून काम समजावून सांगणे, दिवसभर लक्ष ठेवणे आणि अडलेल्याला हात देणे हे निर्देशन.

समन्वयावर मी थोडा अधिक थांबतो, कारण आपल्याकडील कारखान्यांत सर्वांत जास्त नुकसान येथेच होते. मोल्डिंगवाल्यांनी साचे भरून ठेवले, भट्टीत धातू वितळून तयार झाला आणि कोअर शॉपमधून कोअर आल्याच नाहीत, तर प्रत्येक विभाग आपापल्या जागी बरोबर असूनही कारखाना तोट्यात जातो. धातू नुसता गरम ठेवायलाही वीज लागते आणि भरून ठेवलेला साचा वाळत जातो. अशा वेळी कोणाला दोष द्यावा हे शोधण्यात अर्थ नसतो. ती गाठ आधी न घातल्याची जबाबदारी व्यवस्थापकाची असते. सकाळच्या पहिल्या दहा मिनिटांत तिन्ही विभागांचे प्रमुख एका फळ्यासमोर उभे राहिले आणि प्रत्येकाने आज आपल्याला दुसऱ्याकडून काय व किती वाजता हवे ते सांगितले, तर हे नुकसान बहुतांशी टळते.

नियंत्रण या शब्दाचा अर्थ पाळत ठेवणे असा घेऊ नये. ठरवले काय होते, झाले किती, फरक का पडला आणि उद्या काय बदलायचे, या चार प्रश्नांची रोज उत्तरे शोधणे म्हणजे नियंत्रण.

पुस्तकात नियोजन पहिले आहे. माझा दिवस मात्र लोकांच्या अडचणी सोडवण्यातच जातो. माझे काही चुकते आहे का?

बहुधा चुकत नाही. हेन्री मिंट्झबर्ग या कॅनडातील अभ्यासकाने पाच मोठ्या संस्थांच्या प्रमुखांचे प्रत्येकी एक आठवडा निरीक्षण केले आणि त्याचे निष्कर्ष १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. प्रमुख मंडळी शांतपणे बसून योजना आखत असतील, हा समज त्यातून खोटा ठरला. त्यांच्या निम्म्या कामांना प्रत्येकी नऊ मिनिटांपेक्षाही कमी वेळ मिळत होता. फोन, भेटी, अडचणी, तातडीचे निरोप यांनीच त्यांचा दिवस भरलेला होता.

याच अभ्यासातून त्यांनी व्यवस्थापकाच्या दहा भूमिका तीन गटांत मांडल्या. पहिला गट माणसांशी असलेल्या नात्याचा: संस्थेचा चेहरा म्हणून उभे राहणे, नेतृत्व करणे आणि बाहेरच्यांशी संपर्क राखणे. दुसरा गट माहितीचा: माहिती टिपणे, ती आपल्या माणसांपर्यंत पोहोचवणे आणि बाहेर संस्थेच्या वतीने बोलणे. तिसरा गट निर्णयांचा: नवे काही सुरू करणे, अडचण निवारणे, पैसा, माणसे व वेळ यांचे वाटप करणे आणि वाटाघाटी करणे.

कामगाराच्या मुलीच्या लग्नाला आपण जातो, ती पहिली भूमिका. तो दिवस वाया गेला असे नव्या व्यवस्थापकांना वाटते. तसे नसते, त्या मांडवात आपण आपल्या कारखान्याच्या वतीने बसलेलो असतो आणि कामगाराच्या घरच्यांच्या ते कायम लक्षात राहते.

तरीही एक सावधगिरी हवी. दिवसभर येणाऱ्या अडचणींत रोज त्याच त्या अडचणी असतील, तर मात्र नियोजनात चूक आहे. एकच बेअरिंग महिन्यात तीन वेळा जात असेल तर ते तीन वेळा तातडीने बदलून घेतल्याचे समाधान मानू नये.

व्यवस्थापकाकडे कोणती कौशल्ये असावीत?

रॉबर्ट काट्झ यांनी १९५५ मध्ये केलेली विभागणी आजही सर्वांत उपयोगी आहे. त्यांच्या मते तीन कौशल्ये लागतात. तांत्रिक कौशल्य म्हणजे प्रत्यक्ष कामाचे ज्ञान. मानवी कौशल्य म्हणजे माणसांना समजून घेऊन त्यांच्याबरोबर काम करण्याची हातोटी. संकल्पनात्मक कौशल्य म्हणजे संपूर्ण व्यवसायाचे चित्र पाहता येणे: येथे केलेल्या बदलाचा परिणाम तिकडे काय होईल, बाजार कोणत्या दिशेला चालला आहे, आज घेतलेले मशीन पाच वर्षांनी उपयोगी पडेल का, याचा अंदाज बांधणे.

खालच्या पायरीवर तांत्रिक कौशल्य अधिक लागते, वरच्या पायरीवर संकल्पनात्मक कौशल्य; मानवी कौशल्य मात्र प्रत्येक पायरीवर सारखेच लागते. मला यातला हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे बढती तांत्रिक कौशल्य पाहून मिळते आणि माणूस अडतो तो मानवी कौशल्यावर.

मी कारखान्यातला सर्वांत चांगला मोल्डर होतो. आता सुपरवायझर आहे, पण काम बिघडताना दिसले की हात आवरत नाहीत. काय करावे?

हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो आणि तो विचारणाऱ्यांत मी स्वतःला पाहतो, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

ग्रीन सँड मोल्डिंगमध्ये, म्हणजे ओलसर वाळूच्या साच्यांच्या कामात, वाळूतील ओलावा फार नाजूक असतो. तो साधारण तीन-चार टक्क्यांच्या आसपास राहावा लागतो. जास्त झाला तर ओतताना वाफ होऊन कास्टिंगमध्ये (ओतून तयार झालेल्या नगात) ब्लोहोल, म्हणजे छिद्रे, येतात, कमी झाला तर साच्याच्या कडा ढासळतात. प्रयोगशाळेत त्याची मोजणी होते, पण मुरलेला माणूस मुठीत वाळू दाबतो, बोटांचे ठसे उमटलेला तो गोळा दोन्ही अंगठ्यांनी मोडतो आणि तो कसा मोडला यावरून सांगतो की पाणी कमी की जास्त. मला ते जमायचे. शिफ्ट इन्चार्ज झाल्यावरही दर तासाला मीच मिक्सरपाशी जाऊन मूठ दाबायचो, मीच पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायचो. माझ्या शिफ्टचे रिजेक्शन सर्वांत कमी होते आणि त्याचा मला अभिमान होता.

मग घरच्या लग्नासाठी मी सहा दिवसांच्या रजेवर गेलो. परत आलो तेव्हा फेटलिंगच्या बाहेर नाकारलेल्या कास्टिंगचा ढीग लागलेला होता. मिक्सरवरचा मुलगा दोन वर्षे माझ्या शेजारी उभा होता, पण त्या दोन वर्षांत मी त्याला एकदाही मूठ दाबायला सांगितले नव्हते. तो ढीग त्याच्या चुकीचा नव्हता, माझ्या चुकीचा होता. माझ्या वरिष्ठांनी मला काही बोलून दाखवले नाही, त्यांनी फक्त त्या मुलाला बोलावून माझ्यासमोर विचारले, "तुला साहेबांनी वाळू बघायला शिकवलंय का रे?" तो मान खाली घालून म्हणाला, "न्हाई साहेब, तेच बघत्यात."

पुढचे तीन महिने मी व्हॉल्व्हला हात लावला नाही. मूठ तो दाबायचा, अंदाज तो सांगायचा, मग आम्ही प्रयोगशाळेचा आकडा पाहायचो. सुरुवातीला तो चुकायचा आणि माझे हात शिवशिवायचे. त्या काळात काही नग वाया गेले. परंतु त्यानंतर तिन्ही शिफ्टमध्ये वाळू पाहणारी चार माणसे तयार झाली.

म्हणून उत्तर असे: हात लावायचा असेल तर शिकवण्यासाठी लावावा. धोका अपघाताचा असेल तर अर्थातच क्षणाचाही विलंब न करता मध्ये पडावे. एरवी मात्र पाठीमागे उभे राहून आधी विचारावे की तुला काय वाटते, का वाटते आणि आता काय करशील.

काम सोपवायचे म्हणजे नेमके कसे? सोपवले की बिघडते, हा माझा अनुभव आहे.

आपल्याकडे बहुतेक वेळा काम सोपवले जात नाही, नुसते सांगितले जाते. "तेवढं बघून घे" या वाक्यात काय बघायचे, कधीपर्यंत बघायचे, कोणता निर्णय स्वतः घ्यायचा आणि कोणता विचारून घ्यायचा, यांपैकी काहीच नसते.

मी वर्गात राधानगरी धरणाचे उदाहरण देतो. त्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. पावसाळ्यात किती दरवाजे उघडले याची चर्चा घराघरांत होते. भर रात्री पाणी वाढले तरी दरवाजा कोणाच्या परवानगीसाठी थांबत नाही, कारण कोणत्या पातळीला उघडायचे हे बांधतानाच ठरलेले आहे. सोपवणे असेच असावे. स्टोअर्सच्या माणसाला सांगावे की २,००० रुपयांपर्यंतचा सुटा भाग विचारल्याशिवाय आणावा, त्यापुढे फोन करावा. तपासनीसाला सांगावे की सलग तीन नग सदोष आले तर लाइन थांबवण्याचा अधिकार तुझा आहे. मर्यादा ठरली की माणूस निर्धास्तपणे निर्णय घेतो.

यात एक अट आहे. त्याने मर्यादेत राहून निर्णय घेतला आणि तो चुकला, तर चारचौघांत त्याला पाठीशी घालावे आणि नंतर एकट्याला समजवावे. हे एकदा जरी चुकले तरी पुढे तो प्रत्येक गोष्ट विचारायला येऊ लागतो.

कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, त्यांनाच आज काम सांगायचे कसे? काही जण वयाने मोठे आहेत.

वयाने मोठ्या असलेल्यांना काल जशी हाक मारत होता तशीच मारावी. काल "मामा" म्हणत होता, तर आजही "मामा" म्हणावे. पद मिळाले म्हणून नाव घेऊन हाक मारू लागलेल्या सुपरवायझरचे ऐकले जाते ते फक्त समोर असताना. डबाही त्यांच्यासोबतच खावा. बदलायचे ते इतकेच की कामाची गोष्ट सर्वांना सारखी लागू करावी. जवळच्या मित्राला उशिरा आल्याबद्दल माफी आणि दुसऱ्याचा अर्धा दिवस कापला, तर पहिल्याच आठवड्यात पत जाते.

पहिल्याच दिवशी जाणत्या कामगाराकडे स्वतः जाऊन, "मामा, तुमच्याशिवाय मला हे जमायचं नाही, चुकलं तर कानात सांगा," असे म्हणावे. हे मनापासून म्हणावे, कारण ते खरे असते.

चूक झाल्यावर रागवावे की नाही?

आधी चूक कशातून झाली ते पाहावे. माहीत नव्हते म्हणून चुकला असेल तर शिकवणे राहिले आहे. साधन खराब असेल तर दुरुस्ती राहिली आहे. माहीत असून दुर्लक्ष केले असेल तर कडक बोलावे, पण बाजूला घेऊन आणि त्या चुकीपुरतेच. घर, गाव किंवा जात यांचा उल्लेख तोंडून कधीही येता कामा नये. आणि रात्रीच्या शिफ्टला अकरा तास उभ्या राहिलेल्या माणसाच्या चुकीला मी त्याची चूक मानत नाही. त्याला अकरा तास उभे करणाऱ्याची मानतो.

मालक थेट कामगारांना वेगळेच काम सांगतात. मग माझ्या सांगण्याला अर्थ काय राहतो?

उद्यमनगरातील बहुतेक कारखाने घरचे आहेत. वडील, दोन भाऊ आणि आता पुढची पिढी अशी तीन-चार माणसे कारखान्यात फिरत असतात आणि प्रत्येकाचा कामगारांशी वर्षानुवर्षांचा जिव्हाळा असतो. त्यांचे थेट बोलणे आपुलकीतून येते, हे आधी लक्षात घ्यावे. तरीही परिणाम वाईटच होतो. फेयॉलच्या चौदा तत्त्वांत आदेशातील एकवाक्यता हे एक तत्त्व आहे: एका कामगाराला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावेत. थोरल्या मालकांनी लेथवर अर्जंट काम लावायला सांगितले आणि धाकट्यांनी ते उतरवून दुसरे लावायला सांगितले, तर कामगार ज्याचा आवाज मोठा त्याचे ऐकतो आणि दोन्ही कामे अर्धवट राहतात.

मालकांकडे तक्रार घेऊन जाऊ नये. आकडे घेऊन जावे. आठवडाभरात किती वेळा चालू काम उतरवावे लागले आणि प्रत्येक वेळी सेटिंगला किती मिनिटे गेली, हे एका कागदावर लिहून दाखवावे आणि विनंती करावी की अर्जंट काम असेल तर मला सांगा, मी दहा मिनिटांत लावतो. कामगारांनाही सांगून ठेवावे की मालकांनी काही सांगितले तर "हो" म्हणावे आणि लगेच मला कळवावे. मालकांचा मान राहतो आणि कामाची रांगही मोडत नाही. हे एका दिवसात बसत नाही. मला एका ठिकाणी यासाठी आठ महिने लागले.

चैत्रात जोतिबाची यात्रा, गावची म्हाई (गावचा वार्षिक सण), उसाची लागण अशा वेळी निम्मी माणसे येत नाहीत. याला काय करावे?

या तारखा अचानक येत नाहीत. चैत्र पौर्णिमा दिनदर्शिकेत असते आणि गावच्या म्हाईचा दिवस कामगारांना बराच आधी माहीत असतो. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाच्या गावचे जत्रेचे, म्हाईचे व शेतीच्या घाईचे दिवस विचारून एका तक्त्यावर लिहावेत. मग मशीनची देखभाल आणि भट्टीच्या अस्तराची दुरुस्ती त्याच दिवसांत ठेवता येते. ज्याला रजा मिळणार हे दोन महिने आधी माहीत असते, तो खोटे कारण सांगत नाही आणि परत येण्याचा शब्दही पाळतो.

निर्णय घेताना सगळी माहिती कधीच हातात नसते. मग निर्णय घ्यावा कसा?

ऑगस्ट २०१९ चा महापूर कोल्हापूरकर विसरणार नाहीत. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि शिरोलीजवळ पुणे–बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. पाणी इतके चढेल हे आम्हाला आधी माहीत नव्हते. मात्र एक गोष्ट माहीत होती. भट्टीत धातू असताना वीज गेली आणि तो आत गोठला, तर अस्तर फोडून काढावे लागते आणि कारखाना पुराशिवायही आठवडाभर बंद पडतो.

पाणी चढू लागले त्या दिवशी दुपारी आम्ही स्वतःला दोन प्रश्न विचारले. आता भट्टी रिकामी केली आणि पाणी आलेच नाही, तर किती नुकसान? एका शिफ्टचे. रिकामी केली नाही आणि पाणी आले, तर? त्याचा हिशेबच नको. उरलेला धातू ओतून घेतला, नदीकाठच्या गावांतील माणसांना सर्वांत आधी घरी पाठवले, मोटारी व पॅनेल जितकी उचलता आली तितकी उंचावर ठेवली. निर्णय घेताना माहिती अपुरीच होती, पण कोणती चूक परवडेल आणि कोणती परवडणार नाही, एवढे स्पष्ट होते.

जो निर्णय उद्या फिरवता येतो, तो लवकर घ्यावा. जो फिरवता येत नाही, त्यासाठी दोघांना विचारावे आणि एक रात्र जाऊ द्यावी. पुराच्या वेळी ती रात्र हातात नसते, म्हणून कोणत्या पातळीला काय करायचे हे मे महिन्यातच लिहून भिंतीवर लावावे. आम्ही २०२० पासून तसे केले आणि २०२१ च्या पुरात कोणाला विचारत बसावे लागले नाही.

रोज कोणते आकडे पाहावेत?

थोडेच पाहावेत आणि ते कामगारांनाही दिसतील असे फळ्यावर लिहावेत. फाउंड्रीत ओतलेले नग, नाकारलेले नग व त्याची कारणे, गैरहजेरी, आणि एक टन धातूमागे लागलेली वीज इतके पुरते. कारणे लिहिताना "मोल्डिंगची चूक" असे लिहू नये. ब्लोहोल, वाळू ढासळणे, कोअर सरकणे असे दोषाचे नाव लिहावे. विभागाचे नाव लिहिले की भांडण सुरू होते, दोषाचे नाव लिहिले की शोध सुरू होतो.

यासाठी एमबीए लागते का?

लागत नाही. शिकण्याची संधी असेल तर जरूर शिकावे. जमाखर्च, भांडवलाचा हिशेब आणि बाजाराचा अभ्यास या गोष्टी शाळेतून शिकलेल्या माणसाला लवकर समजतात.

इंग्रजी चांगले येत नाही. वरच्या पदावर अडेल का?

ग्राहकाचे ड्रॉइंग, ईमेल आणि तपासणी अहवाल वाचण्यापुरते इंग्रजी शिकून घ्यावे. रोज अर्धा तास दिला तर वर्षभरात ते येते. माणसे सांभाळण्याचे काम मात्र मराठीत चालते आणि परराज्यांतून आलेल्या कामगारांशी हिंदीत. ओडिशा किंवा बिहारमधून आलेल्या मुलाला सुरक्षेची सूचना समजेल अशा भाषेत सांगणे, ही इंग्रजीपेक्षा कितीतरी तातडीची गरज आहे. सांगून झाल्यावर "समजले का?" असे विचारू नये, कारण उत्तर नेहमी "हो" येते. त्यालाच परत सांगायला लावावे.

आमच्याकडे पाच-सहाच माणसे आहेत. एवढ्याशा कामाला व्यवस्थापन कशाला?

माणसे कमी असली की एकाच्या गैरहजेरीने काम बंद पडते, म्हणून तेथे त्याची गरज अधिक. हुपरीतील चांदीकाम असो किंवा चपलांचे काम, घरातली माणसेच कारागीर असतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, गुळाला त्याआधी २०१४ मध्ये. मानांकनामुळे नावाला संरक्षण मिळते, पण ठरल्या मापाचा, ठरल्या दर्जाचा माल ठरल्या दिवशी देणे हे त्या घरालाच करावे लागते. कोणत्या ऑर्डरचे कातडे कधी आणले, तळ कोणी कापले, वेणी कोणी घातली आणि किती जोड तयार झाले, एवढे एका वहीत लिहिले जाऊ लागले की त्या घरात व्यवस्थापन सुरू झाले असे मी मानतो.

कायदेशीर जबाबदारी काय असते?

१९४८ च्या कारखाना अधिनियमापासून आपल्याकडे कारखान्याचा व्यवस्थापक ही कायद्याने ओळखली जाणारी व्यक्ती आहे. कामाचे तास, जादा कामाचा दुप्पट दर, यंत्रांची सुरक्षा आणि अपघाताची नोंद या गोष्टी तिच्या माथी येतात. आपल्या पदाला यातील काय लागू आहे, हे पद स्वीकारतानाच लेखी विचारून घ्यावे.

पहिल्या महिन्यात काय करावे?

मोठे बदल करू नयेत. रोज शिफ्ट सुरू होण्याच्या वीस मिनिटे आधी यावे, म्हणजे जाणाऱ्या शिफ्टशी बोलता येते. रात्री काय घडले हे रजिस्टरपेक्षा हात धुताना जास्त कळते. दिवसातून दोन वेळा सगळ्या जागी चालत जावे आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा, "आज कशामुळे अडतंय?" जे सांगितले जाईल ते खिशातल्या वहीत त्याच्यासमोर लिहावे, पुढे त्याचे नाव आणि तारीख घालावी.

त्यातील बऱ्याच गोष्टी लहान असतील: पंखा चालत नाही, हातमोजे वेळेत मिळत नाहीत, ट्रॉलीचे चाक अडकते. त्या आधी मिटवाव्यात. महिनाअखेरीस वही उघडून जे मिटले त्यावर रेघ ओढावी, आणि जे आपल्याच्याने होण्यासारखे नाही त्या प्रत्येक नोंदीच्या माणसाला दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू होण्याआधी गाठून ते का होत नाही हे सांगावे.